पाच फुटी टाकीत तीन सर्जनफिश: बडोद्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर कारेलीबागेत, पहिल्या मजल्यावर. काका बँकेतून निवृत्त झालेले, सोबत काकू, नोकरी करणारे मुलगा-सून आणि चौथीतला नातू. या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची देखभाल माझ्याकडे आहे. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

टाकी पाच बाय दोन बाय दोन फुटांची, खालचा सम्प (गाळणीची जोडटाकी) धरून पाणी साधारण साडेपाचशे लिटर. फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर, पाण्याला झोत देणारे दोन वेव्हमेकर आणि पाणी थंड ठेवणारा चिलर. मीठ आरओच्या पाण्यात कालवायचं आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचं माप) 1.025 ठेवायचं, ही शिस्त काकांनी बँकेतल्या वहीसारखी पाळलेली. तळाला ॲरागोनाइटची, म्हणजे चुनखडीसारख्या खनिजाची, वाळू, वर चुनखडीचे सुके दगड. जिवंत प्रवाळ नव्हतं, ते असायचं कारणही नव्हतं. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे कच्छच्या आखातातून 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातले जीव चिकटलेले दगड, आणून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच वाटेला लावावं. टाकीत तीन क्लाउनफिश, दोन क्लीनर कोळंब्या, काही गोगलगायी, शंखातले खेकडे आणि एक यलो टँग. टँग हे सर्जनफिशचंच दुसरं नाव.

हा पिवळा 2022 च्या अखेरीस आला. हवाई बेटांवरची शोभेच्या माशांची व्यावसायिक पकड 2021 च्या सुरुवातीला कोर्टाच्या निकालांनंतर थांबली आणि या माशाचे भाव जगभर चढले. काकांनी घेतलेला पिवळा समुद्रातून पकडलेला नव्हता, संगोपन केंद्रात वाढवलेला होता. असे मासे मोठे करणं 2015 मध्ये हवाईतच पहिल्यांदा जमलं. महाग पडला, पण पहिल्या दिवसापासून हातातलं खायला लागला. घर पूर्ण शाकाहारी, त्यामुळे फ्रीजरमध्ये गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट ठेवण्यावरून सुरुवातीला बरंच महाभारत झालं होतं. टँग मुळात शेवाळ चरणारा. क्लिपला नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडाचा) तुकडा लावला की तो दिवसभर लचके तोडत बसतो. काकूंचं त्याच्याशी जमलं ते यामुळेच.

काय बिघडलं

जून 2024 मध्ये मुलाने मुंबईहून दोन मासे मागवले. एक ब्लू टँग, जेमतेम सहा सेंटीमीटरचा, नातवाच्या हट्टासाठी; पुढे 'निळा' म्हणजे हाच. दुसरा पावडर ब्लू टँग, हाताच्या पंजाएवढा: फिकट निळं अंग, काळा चेहरा, पाठीवर पिवळा पर. पावडर ब्लू हिंदी महासागरातला, मालदीव, श्रीलंका, अंदमान या पट्ट्यातला. दिसायला सर्जनफिशमध्ये त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओढवून घेण्यातही त्याचाच पहिला नंबर. दोघांचं पाणी तासाभरात जुळवून त्यांना थेट मोठ्या टाकीत सोडलं.

पिवळ्याने पहिल्या मिनिटापासून उच्छाद मांडला. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो, भांडणात बाहेर येतो. पिवळ्याचा काटा पांढरा, त्यामुळे उघडला की लांबूनही दिसतो. तो निळ्याच्या बाजूने समांतर पोहत यायचा आणि शेवटच्या क्षणी शेपटी झटकायचा. दुसऱ्या दिवशी निळ्याच्या अंगावर दोन आडव्या फिकट रेघा होत्या, तिथली बुळबुळ निघून खालची कातडी दिसत होती. त्या संध्याकाळी काकूंनी घाबरून मुलाला फोन केला, 'अरे, तो निळा गेला!' निळा दगडाच्या फटीत आडवा पडला होता. गेला नव्हता. घाबरला की हा मासा असाच कुशीवर निपचित पडतो, आणि नवीन घरांमध्ये असे फोन हमखास येतात.

तिसऱ्या दिवशी पावडर ब्लूच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले. मुलाने दुकानात विचारलं. गुजरातीत उत्तर आलं: 'लसण नाखो, मटी जशे.' म्हणजे लसूण घाला, बरं होईल. लसणाच्या रसात भिजवलेलं खाद्य सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत ठिपके खरंच गेले. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. मरीन इकचा, म्हणजे याच पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, पोसतो आणि मग आपणहून गळून पडतो. तळाला, दगडावर, काचेवर त्याची गाठ बनते. त्या एका गाठीतून पुढे शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि मासा शोधतात. ठिपके जाणं म्हणजे पाहुणे उठून शेजारी गोतावळा आणायला गेले, इतकंच. लसणाने मासा थोडं जास्त खातो हे खरं असेल, पण परजीवीला त्याचं सोयरसुतक नसतं.

चार दिवसांनी ठिपके परतले, या वेळी पावडर ब्लूच्या सबंध अंगावर, निळ्यावर आणि पिवळ्यावरही. मला बोलावणं आलं ते तेव्हा.

निदान

मी गेलो तेव्हा पावडर ब्लू दगडाला अंग घासत होता, कल्ले भराभर हलत होते. चिलर असूनही पाणी 28 अंशांवर होतं. अशा पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि परजीवीचं चक्रही वेगाने फिरतं.

सगळ्यात आधी हा 'वेल्व्हेट', म्हणजे परजीवीचाच दुसरा, जास्त घातक रोग तर नाही ना, ते बघायचं होतं. वेल्व्हेटमध्ये ठिपके पिठासारखे बारीक असतात, मासा उजेड टाळतो, वेव्हमेकरच्या झोतात तोंड खुपसून उभा राहतो, आणि ठिपके नीट दिसायच्या आत मरतो. इथे ठिपके मोठे आणि सुटे होते, ते जाऊन परत आले होते, मासे उजेडात फिरत होते. माझा कौल इककडे होता. खात्री नंतर पटली. पावडर ब्लू मेल्यावर लगेच त्याच्या कल्ल्याचा तुकडा मी शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. करड्या रंगाचे गोल जीव पेशींच्या थराखाली सावकाश गरगर फिरत होते. वेल्व्हेटचे जीव असे फिरत नाहीत, ते एका जागी चिकटलेले असतात.

समोरचे पर्याय

घरात एकमत नव्हतं. काकांना वाटत होतं, काही न करता नीट खाऊ घालावं, मासे आपोआप प्रतिकार करतील. हा विचार अगदीच टाकाऊ नाही. तगडा, जुना, पोटभर खाणारा मासा इकशी थोडीफार तडजोड करून जगतोही. पण त्या टाकीत सुकलेल्या पोटाचा पावडर ब्लू होता, मार खाल्लेला पिल्लू निळा होता, आणि नव्या माशांवर रागावलेला पिवळा होता. तिघंही ताणाखाली. शिवाय परजीवी टाकीत कायमचा राहिला असता आणि पुढच्या प्रत्येक नव्या माशावर तुटून पडला असता.

मुलाने नेटवर वाचून सुचवलं, मोठ्या टाकीतच तांबं टाकू. कॉपर हे इकवरचं जुनं आणि भरवशाचं औषध आहे, पण कोळंब्या, गोगलगायी, खेकडे त्यात मरतात. शिवाय चुनखडीचा दगड आणि ॲरागोनाइटची वाळू तांबं शोषत राहतात, त्यामुळे मात्रा कधीच स्थिर होत नाही. आणि पुढे त्या टाकीत कोळंबी सोडायची झाली तर मनात शंका राहतेच. हा पर्याय मी पहिल्याच बैठकीत बाद केला.

क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्व 1.009 होईपर्यंत उतरवणं हा तिसरा मार्ग. औषध लागत नाही, मासे सहन करतात. पण अपृष्ठवंशी जीव त्यातही जगत नाहीत, आणि क्षारता थोडी जरी वर गेली तर उपचार वाया जातो. बडोद्याच्या उन्हाळ्यात बाष्पीभवन इतकं असतं की दिवसातून दोनदा मोजमाप हवं.

चौथा मार्ग, मासे दर 72 तासांनी कोरड्या-स्वच्छ नव्या भांड्यात हलवायचे, चार वेळा. तत्त्व सुंदर आहे. गळून पडलेला परजीवी गाठ बनवून फुटायच्या आत मासा दुसरीकडे गेलेला असतो. पण सहा मासे, त्यातले तीन काट्यावाले, आणि दर वेळी पकडापकडी. काकांचं वय बघता ते शक्य नव्हतं.

उरला पाचवा: सगळे मासे, ठिपके नसलेले क्लाउनसुद्धा, वेगळ्या टाकीत काढायचे, तिथे तांब्याचा उपचार करायचा, आणि मोठी टाकी माशांविना 76 दिवस रिकामी ठेवायची. परजीवीला मासा मिळाला नाही की तो उपाशी मरतो. कोळंब्या-गोगलगायी तिथेच राहू शकतात, त्यांच्यावर तो जगत नाही. कोमट पाण्यात याहून कमी दिवस पुरतात असं बरेच जण मानतात आणि त्यात तथ्यही आहे, पण गाठी कधीकधी फार उशिरा फुटतात. अर्धवट थांबून सगळं पहिल्यापासून करण्यापेक्षा जास्तीचे काही आठवडे परवडतात.

सूनबाईंचा एकच प्रश्न होता: ठेवणार कुठे? शेवटी नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत तीनशे लिटरचा प्लास्टिकचा टब बसला आणि नातवाचं टेबल हॉलमध्ये आलं.

केलेली कारवाई

22 जूनच्या शनिवारी मासे काढले. जाळीने टँग पकडू नये. काटा जाळीत अडकतो, मासा धडपडतो आणि काटा तुटतो किंवा तुमचं बोट कापतो. अर्धं पाणी पिंपांत काढलं, दगड उचलले आणि पारदर्शक डब्यात एकेकाला वळवून घेतलं. पिवळ्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

टबमध्ये वाळू नाही, दगड नाही, फक्त पीव्हीसीचे एल्बो लपायला, एक हीटर, एक एअर पंप, आणि मोठ्या टाकीच्या सम्पमधून काढलेला स्पंज फिल्टर. त्या स्पंजमध्ये परजीवी असणार हे उघड होतं, पण तो तांब्यातच जाणार होता आणि त्यातले जिवाणू अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, खाणार होते. मध्ये आडवी जाळी लावली, छताच्या दिव्याखाली असते ती चौकटीची प्लास्टिकची. एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे.

दुसरा मोठा निर्णय तांब्याच्या मात्रेचा. बाजारात दोन जातीचं औषध मिळतं. एकात तांबं मोकळ्या रूपात असतं, त्याची मात्रा 0.5 पीपीएमच्या (दहा लाखांत अर्धा भाग) आसपास. दुसऱ्यात ते रसायनाने बांधलेलं असतं, त्याची मात्रा 2 ते 2.5. मुलाने आणलेली बाटली दुसऱ्या जातीची होती, आणि दुकानाने सांगितलेला आकडा 0.5 होता. तो मानला असता तर महिनाभर औषध घातल्याचं समाधान मिळालं असतं आणि परजीवी मजेत राहिला असता. उलटी चूक आणखी वाईट, मोकळं तांबं 2 वर नेलं तर मासे तासांत मरतात. म्हणून आधी बाटलीवरची जात वाचायची, मग आकडा. मोजायला डिजिटल चेकर वापरला. रंग जुळवायच्या किटवर 2 आणि 2.5 मधला फरक मला तरी दिसत नाही.

मात्रा तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने 2.25 वर नेली. पावडर ब्लू त्या चढणीतच गेला. त्याने टबमध्ये एक घासही घेतला नव्हता. तांबं फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कल्ल्यांत आधीच शिरलेल्यांना नाही, त्यामुळे त्याच्यापुरता उपचार उशिराच सुरू झाला होता.

पुढचा महिना हिशेबाचा. इथे काकांची वही कामाला आली. पाणी आटलं की फक्त साधं आरओ घालायचं, कारण तांबं वाफेबरोबर उडत नाही. पाणी बदललं तर नव्या पाण्यात त्याच प्रमाणात तांबं आधीच मिसळायचं. या दोन वाक्यांवरून घरात दोनदा वाद झाला, शेवटी सूनबाईंनी ती कागदावर लिहून टबाला चिकटवली. अमोनिया चढला तेव्हा मुलगा अमोनिया बांधणारं कंडिशनर घालायला निघाला होता. ते मी थांबवलं. अशी काही कंडिशनर तांब्याबरोबर आली की तांबं माशांना जास्त विषारी होतं. तिथे पाणी बदलणं हाच उपाय. टबाची बादली, मग, नळी यांना लाल चिकटपट्टी लावली. घरकामाच्या ताईंना सांगितलं, लाल पट्टीचं भांडं हॉलमधल्या टाकीकडे न्यायचं नाही. ताईंनी हा नियम घरच्यांपेक्षा कडक पाळला.

25 जुलैला 30 दिवस पूर्ण झाले. पाणी बदलत आणि धुतलेला कार्बन (शोषून घेणारा कोळसा) लावून तांबं काढून टाकलं. पुढे नुसतं निरीक्षण. एकावरही ठिपका नाही.

पुराचे दिवस

26 ऑगस्ट, जन्माष्टमी. विश्वामित्री चढायला लागली. धोक्याची पातळी 25 फूट, नदी 35 च्या वर गेली. कारेलीबागेत रस्त्यावर पाणी आलं आणि वीज गेली. मला तिथवर जाणं शक्य नव्हतं, जे काही झालं ते फोनवर, तोही लागेल तेव्हा.

रिकाम्या टाकीचे तेव्हा साधारण 66 दिवस झाले होते. मुलाचा प्रश्न रास्त होता: टब छोटा, पाच मासे, हवा बंद. मोठ्या टाकीत दुप्पट पाणी आहे, दहा दिवसच उरलेत, टाकू का परत? वीज नसेल तर भरल्या टबातले मासे काही तासांत गुदमरू शकतात. उलट इतक्या दिवसांनी त्या गरम टाकीत परजीवी शिल्लक असण्याची शक्यता फार थोडी होती. म्हणजे एका बाजूला नक्की मरण, दुसऱ्या बाजूला पुसटसा धोका. मी म्हटलं, हवा चालू असेपर्यंत मासे टबातच, हवा थांबली आणि मासे पृष्ठभागाला येऊन तोंड मारायला लागले तर विचारत बसू नका, सरळ टाकीत.

मग हवेचा हिशेब. इन्व्हर्टरला 150 अँपिअर-तासांची बॅटरी, कागदावर 1,800 वॉट-तास. पंप फार वीज खात नाही, पण इन्व्हर्टर स्वतःच बरीच खातो. म्हणून घरातले पंखे बंद केले, आणि मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालणारे दोन छोटे यूएसबी एअर पंप, जे गेल्या उन्हाळ्यात वीज जाते म्हणून घेऊन ठेवले होते, ते लावले. एक टबात, एक मोठ्या टाकीत कोळंब्यांसाठी. इन्व्हर्टर राखून ठेवला. खाद्य पूर्ण बंद, कारण खाल्लं की मासा प्राणवायू जास्त वापरतो आणि अमोनियाही वाढतो. टँगला दिवसभर चरायची सवय, दोन दिवस उपास त्याला आवडला नसणार, पण झेपतो. 'घरात माणसं घामाघूम आणि माशांना हवा,' काकू फोनवर म्हणाल्या. वीज दोन दिवसांनी आली. मासे टबातच होते, पाचही जिवंत.

परत टाकीत

76 वा दिवस 6 सप्टेंबरला येत होता, आणि दुसऱ्या दिवशी गणपती. दीड दिवसाचा गणपती, घरात पाहुणे, हॉलमध्ये मखर टाकीच्या समोरच. आम्ही घाई केली नाही, 8 तारखेला विसर्जन झाल्यावर 9 ला मासे सोडले.

क्रम मुद्दाम उलटा ठेवला. आधी दगडांची मांडणी बदलली, म्हणजे पिवळ्याची जुनी जागा जागेवरच राहिली नाही. मग निळा आणि क्लाउन. पिवळ्याला चार दिवस छिद्रांच्या पारदर्शक डब्यात टाकीतच लटकत ठेवलं, बाकीच्यांना बघत, पण हात न लावता. सोडल्यावर त्याने निळ्याला दोन-चार वेळा शेपटी दाखवली आणि मग नोरीच्या क्लिपकडे वळला. दोन क्लिपा दोन टोकांना लावल्या होत्या, त्यावर भांडण झालं नाही.

निष्पत्ती

पावडर ब्लू गेला. पिवळा, निळा आणि तिन्ही क्लाउन वाचले. कोळंब्या, गोगलगायी शाबूत राहिल्या आणि टाकीत इक परत आलेला नाही. निळ्याच्या डोळ्यांभोवती उपचारानंतर बारीक खड्डे पडले, टँगमध्ये डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर होणारी ही झीज बऱ्याचदा दिसते. ती का होते यावर वाद आहेत. कार्बनच्या धुळीशी तिचा संबंध एका सर्जनफिशवरच्या प्रयोगात दिसला होता, म्हणून कार्बन आम्ही काढून टाकला आणि नोरी वाढवली. खड्डे बऱ्यापैकी भरले.

काय वेगळं करता आलं असतं

उपचारापेक्षा खरेदीत जास्त चुकलं. पावडर ब्लूला सहा फुटांहून छोटी टाकी देऊ नये, हे माझं ठाम मत आहे, आणि एकदा पिवळा राजा झालेल्या पाच फुटांत तर नाहीच. तो घ्यायचाच होता तर खाताना बघून घ्यायला हवा होता. पोट आत गेलेला, पाठीची कड दिसणारा टँग कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

नवे मासे आधी महिनाभर वेगळे ठेवले असते तर ठिपके त्या छोट्या टबातच दिसले असते आणि मोठी टाकी रिकामी करायची वेळ आली नसती. प्रत्येक नव्या माशाला सरसकट तांबं पाजावं असं काही जण म्हणतात. मी म्हणणार नाही, पण टँगला, विशेषतः पावडर ब्लूला, अपवाद करेन. दोन टँग एकदम आणून जुना पिवळा आधी बाजूला काढला असता तर निळ्याच्या अंगावरच्या त्या रेघाही टळल्या असत्या. सम्पमध्ये एक जादा स्पंज कायम पाण्यात असू द्यावा. टब लावायची वेळ आली की तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आता काकांच्या सम्पमध्ये तो आहे.

निळ्याचा प्रश्न मात्र बाकी आहे. हा मासा 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि पाच फुटांत त्याला पोहायला जागा उरणार नाही. पंधरा सेंटीमीटरचा झाला की त्याला आठ फुटी टाकी असलेल्या ओळखीच्या घरी द्यायचं, असं काकांशी ठरलं आहे. नातवाशी अजून ठरलेलं नाही.